फेब्रुवारी ठरला

नागपूर, रविवार रात्र

आफ्रिकेला जाण्याचा महिना आज अखेर ठरला. गेले काही आठवडे आमच्याकडे जुलै की फेब्रुवारी हा एकच विषय इतक्या गांभीर्याने चालला होता, की एखाद्या तिऱ्हाइताला घरात लग्नाचा मुहूर्त काढत आहेत असे वाटावे.

जुलैचा आग्रह यांचा होता. जुलै ते ऑक्टोबर या काळात विल्डबीस्टांचे, म्हणजे गुरांसारख्या दिसणाऱ्या मोठ्या कुरंगांचे, कळप टांझानिया आणि केनियाच्या सीमेजवळ मारा नदी ओलांडतात. उंच दरडीवरून उड्या घेणारी जनावरे, पाण्यात दबा धरून बसलेल्या मगरी आणि धुळीचे लोट हे सारे टीव्हीवर पाहून यांच्या मनात पक्के बसले होते. माझा कल पहिल्यापासून न्दुतूकडे होता. टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिणेला, न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्राच्या हद्दीत, हा आखूड गवताचा माळ आहे आणि जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत तेच कळप तिथे चरायला आणि व्यायला थांबतात. जनावरे तीच, वर्षभर पावसामागे फेरा धरणारी. त्या फेऱ्यात आपण त्यांना कुठे गाठायचे, एवढाच वाद होता.

नदीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे मी नाकारत नाही. पण कळप काठावर येऊन तासन्‌तास उभा राहतो आणि पाण्याला पाय न लावता माघारी फिरतो, असेही तिथे वारंवार घडते आणि त्याची वाट पाहत काठावर गाड्यांची गर्दी होते. गाड्यांची गर्दी म्हटल्यावर मला ताडोबा आठवतो. मोहर्ली गेटातून पहाटे आत शिरावे, कुठेतरी सांबराचा धोक्याचा कॉल ऐकू यावा आणि बघता बघता सगळ्या जिप्सी एकाच वळणावर येऊन अडकाव्यात. दोन झाडांच्या मधून वाघाची पाठ ओझरती दिसते आणि परतीच्या वाटेवर प्रत्येक जिप्सीतून समोरच्या जिप्सीला एकच प्रश्न विचारला जातो, ‘साइटिंग झाली का?’ आम्हां नागपूरकरांना ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे, की रानकुत्र्यांची अख्खी टोळी समोरून जाताना पाहिलेली माणसेही घरी येऊन ‘काहीच दिसलं नाही’ असे सांगतात. मागे एकदा आमच्या गाइडला आफ्रिकेचा बेत सांगितला, तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, ‘तिकडं वाघ नाही ना मॅडम, मंग पाहता काय?’ प्रश्न रास्त होता, आणि महिना ठरवण्याआधी त्याचे उत्तर ठरणे आवश्यक होते.

गंमत अशी, की यांचे मत माझ्या युक्तिवादाने मुळीच बदलले नाही. ते बदलले बुळकांडीने, म्हणजे गुरांच्या एका जीवघेण्या साथीच्या रोगाने.

हे पशुधन विकास अधिकारी म्हणून निवृत्त झाले. नोकरीच्या सुरुवातीला मोटारसायकलच्या कॅरिअरला बर्फाचा थर्मास बांधून गावोगाव बुळकांडीची लस टोचत हिंडणे हे त्यांचे काम होते. बर्फ वितळण्याआधी गावातली गुरे एका जागी यायला हवीत म्हणून आदल्या संध्याकाळी दवंडी द्यायची आणि तरीही सकाळी कोणीतरी बैलजोडी घेऊन शेतावर निघून गेलेला असायचाच; या हकिकती मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. सेरेंगेटीविषयी वाचत असताना मला समजले, की १८९० च्या दशकात याच रोगाने पूर्व आफ्रिकेतली गुरे आणि त्यांच्याबरोबर रानम्हशी व विल्डबीस्ट यांचाही फडशा पाडला होता. १८८७ च्या सुमारास भारतातून नेलेल्या गुरांबरोबर तो त्या किनाऱ्यावर पोहोचला, असे मानले जाते. पुढे सेरेंगेटीच्या भोवतालच्या पाळीव गुरांना लस टोचणे सुरू झाले आणि एकाही विल्डबीस्टला सुई न लावता १९६० च्या दशकात त्यांच्यातला रोग नाहीसा झाला. १९६१ मध्ये ते सुमारे अडीच लाख होते. १९७७ मध्ये ते १३ लाखांच्या वर गेले होते.

हे मी मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘म्हणजे वर्षाच्या आतली वासरं मरत होती,’ ते म्हणाले. ‘मोठं जनावर एकदा त्यातून उठलं की त्याला पुन्हा होत नाही. लस गाईला टोचली आणि जगलं जंगलातलं वासरू.’ त्यानंतर मगरींचा विषय निघाला नाही. जगातून बुळकांडीचे उच्चाटन झाल्याची घोषणा २०११ मध्ये झाली तेव्हा हे नोकरीत होते आणि त्या दिवशी त्यांनी कचेरीत स्वखर्चाने पेढे वाटले होते. एका रोगाच्या मृत्यूचे पेढे वाटणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मग विल्डबीस्ट व्यायचे कसे, हे वाचण्याची त्यांना गोडी लागली. बहुतेक माद्या दोन-तीन आठवड्यांच्या आतच वितात, त्यामुळे माळावर एकाच वेळी इतकी वासरे असतात की तरस, सिंह आणि चित्ते यांनी पोटभर खाऊनही बहुसंख्य वासरे उरतात. पिलू जन्मल्यावर काही मिनिटांत उभे राहते आणि थोड्याच वेळात आईच्या बरोबरीने पळू लागते. अडलेली गाय सोडवायला कंदिलाच्या उजेडात रात्र रात्र गोठ्यात काढलेल्या माणसाला यात काय दिसत असेल, याची मला कल्पना करता येते. विल्यावर गर्भाची वार पडण्याआधीच आई चालू लागते, हे वाचून त्यांनी अविश्वासाने मान हलवली आणि हे आपण दुर्बिणीतून स्वतः पाहू, असे जाहीर केले.

माझे कारण जनावरांच्या पायाखाली आहे. आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवल्यामुळे असेल, पण एवढे प्रचंड कळप दरवर्षी त्याच माळावर का येतात, हा प्रश्न मला गवतापाशी घेऊन जातो. न्दुतूच्या पूर्वेला ज्वालामुखींची रांग आहे आणि त्यांतला ओल डोइन्यो लेंगाई आजही जिवंत आहे. त्यांची राख वाऱ्याने पश्चिमेकडे येऊन या माळावर साचली. त्या राखेतल्या चुन्यामुळे जमिनीखाली कठीण थर तयार झाला आहे. झाडांची मुळे तो भेदू शकत नाहीत, म्हणून मैलोगणती झाड नाही, नुसते आखूड गवत आहे. मात्र या गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर असते आणि दूध पाजणाऱ्या मादीला नेमके तेच हवे असते. पाऊस संपला की माळावर पाणी उरत नाही आणि कळपांना उत्तरेची वाट धरावी लागते. आपली काळी मातीही ज्वालामुखीच्याच खडकाची आहे, पण तिथे राख आणि इथे बेसाल्ट. एवढ्या फरकाने इकडे कापूस पिकला आणि तिकडे विल्डबीस्ट. त्यांची संख्या वाढल्यावर गवत खाल्ले जाऊ लागले, वाळलेले गवत कमी उरल्याने वणवे घटले आणि सेरेंगेटीच्या ज्या भागांत झाडे वाढू शकतात तिथे ती वाढू लागली, हे मला या साऱ्या वाचनातले सर्वांत विलक्षण वाटले. म्हणजे गाईला टोचलेल्या सुईचा परिणाम बाभळीपर्यंत पोहोचला. हे मी वर्गात शिकवले असते तर मुलांनी ते परीक्षेपलीकडेही लक्षात ठेवले असते, असे उगीच वाटून गेले.

एकदा हे ठरल्यावर बाकीचे फार भराभर ठरले. प्रवास कंपनीने सुचवलेल्या कार्यक्रमात रोज वेगळे ठिकाण होते आणि प्रत्येक ठिकाणापुढे दिसणाऱ्या प्राण्यांची यादी होती. आम्ही त्यातली निम्मी ठिकाणे काढून टाकली. मुंबईहून नैरोबी, तिथून नमांगाच्या सीमेवरून रस्त्याने अरुशा आणि पुढे फक्त न्गोरोंगोरो व न्दुतू. न्गोरोंगोरोला एकच रात्र ठेवली आहे. ते कोसळलेल्या ज्वालामुखीचे मुख आहे, सुमारे ६०० मीटर खोल, आणि त्याचा तळ सुमारे २६० चौरस किलोमीटरचा आहे. आमचे लोणार उल्केच्या आघाताने झालेले आणि जेमतेम १.८ किलोमीटर व्यासाचे, तरी पहिल्यांदा पाहिले तेव्हा छाती दडपली होती. तळावर काळे गेंडे आहेत, परंतु जिराफ नाहीत. माझ्या जावेने नेमके जिराफाचेच फोटो मागितले आहेत. ते वाटेत दुसरीकडे दिसतील.

शेजारच्या काकांना बेत सांगितला, तर त्यांनी नागपुरातल्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयातच आफ्रिकन सफारी होणार असल्याचे सांगून आमचे पैसे वाचवण्याचा प्रयत्न केला.

पिवळ्या तापाच्या लशीची मात्र मला काळजी होती. केनियाहून परतणाऱ्याला भारतात उतरताना तिचे प्रमाणपत्र दाखवावे लागते आणि टोचल्यापासून १० दिवसांनी ते ग्राह्य धरले जाते, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवून चालत नाही. साठीच्या पुढच्या माणसांना ही लस देताना डॉक्टर विचार करतात. आमच्या डॉक्टरांनी दोघांचे अहवाल पाहून परवानगी दिली आहे. हजारो गुरांना टोचलेल्या या गृहस्थांनी स्वतःच्या दंडाविषयी मात्र मला तीनदा विचारले, की सुई केवढी असते. हिवतापाच्या गोळ्यांचेही डॉक्टरांनी लिहून दिले आहे.

सामानाची यादी करताना एक अडचण निघाली. टांझानियात जून २०१९ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि आमच्या घरातून चिवडा आणि शंकरपाळे प्लॅस्टिकच्या पिशवीशिवाय आजवर कुठेही गेलेले नाहीत. शेवटी स्टीलचे दोन डबे काढले. जड होतील, पण प्रवास रस्त्याने असल्याने छोट्या विमानाच्या वजनमर्यादेची भीती नाही. गडद निळे आणि काळे कपडे न्यायचे नाहीत, कारण त्से-त्से माश्या त्या रंगांवर धावून येतात. यांचे चारही आवडते शर्ट गडद निळे आहेत. उद्या संध्याकाळी बर्डीच्या बाजारात जाऊन दोन खाकी शर्ट आणि एक जाड स्वेटर घ्यायचा आहे, कारण न्गोरोंगोरोच्या कड्यावर, २,३०० मीटर उंचीवर, रात्री कडाक्याची थंडी असते आणि आमच्या नागपुरी हाडांना तिची सवय नाही.

न्दुतूच्या रात्री किती ठेवायच्या, एवढेच आता राहिले आहे. मी चार म्हटल्या होत्या. जेवताना हे सहा म्हणाले, आणि वर असेही म्हणाले, की एखादे दिवशी गाडी कुठेही न फिरवता एकाच कळपाजवळ सकाळपासून थांबावे, ड्रायव्हरला तसे आधीच कळवून ठेवावे. त्याला ते विचित्र वाटेल खरे. कदाचित आमच्या मोहर्लीच्या गाइडसारखाच तोही विचारेल, की मग पाहणार काय. सहा रात्रींचा खर्च मी मघाशी मांडून पाहिला. तो पाच रात्रींपर्यंत झेपतो. सहावीसाठी परतीच्या वाटेवर नैरोबीतली रात्र कमी करता येते का, हे कंपनीला उद्या सकाळी लिहून विचारायचे आहे.