तुम्ही विचारलंत म्हणून: त्या बायका खरंच रडतात का?

ग्रीसमध्ये मी मयतीची गाणी ऐकायला गेले होते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘पैसे घेऊन रडतात ना त्या? खरं थोडंच असतं ते!’ एकदाच नीट सांगते.

मी राहिले तो मानी हा भाग ग्रीसच्या पेलोपोनीस द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला आहे. तिथे मी बसले त्या एकाही मयतीत कुणी पैसे घेतले नाहीत. गाण्याला मिरोलॉय म्हणतात. आठ-आठ अक्षरांच्या ओळी, बसल्या जागी रचलेल्या. बायका प्रेताभोवती, पुरुष बाहेर गप्प. अथेन्समध्ये सोलोन या कायदेकर्त्याने इ.स.पू. सहाव्या शतकातच बायकांच्या विलापावर निर्बंध घातले, पुढे ख्रिस्ती धर्मगुरूंनीही त्याला नावं ठेवली. नुसत्या रडण्याला इतकं कोण घाबरतं?

एका म्हातारीच्या मयतीत तिची सून गात होती. केस मोकळे, डोळे कोरडे. गाण्यातच ती सासूला विचारत होती: तुझे मुलगे अथेन्सहून कितीदा आले? डॉक्टरला कुणी बोलावलं? ऑलिव्हची झाडं कुणाच्या नावावर गेली? बाकीच्या बायका ओळीचं शेवटचं टोक उचलून धरत होत्या. थोरला दीर अंगणात बसून सगळं ऐकत होता. एरवी त्या झाडांबद्दल तिने ब्र काढला असता तर घरात रणकंदन झालं असतं. त्या रात्री तिला थांबवायची कुणाची हिंमत झाली नाही.

मी वहीत लिहिलं, ‘दुःख कमी, हिशेब जास्त.’

पहाटे ती चुलीपाशी कॉफी करत होती. ‘फार छान गायलात,’ मी म्हटलं. ‘कुठलं गं पोरी. सासूच्या हातांबद्दलची ओळ अडखळली. बसलीच नाही,’ ती म्हणाली, आणि कॉफीचं भांडं हातात धरूनच हुंदके द्यायला लागली. कॉफी उतू जाऊन तिच्या बोटांवर आली तरी तिने भांडं सोडलं नाही.

ओळ चुकली म्हणून, की सासू गेली म्हणून? वहीतलं वाक्य मी खोडलं. मग परत लिहिलं, कारण हिशेब होताच. पुन्हा खोडलं.

आणि कबूल करते, ते रडणं खरं ठरावं ही माझीच गरज होती. बाबा गेले तेव्हा ‘आवर स्वतःला, आईकडे बघ’ म्हणून मला आतल्या खोलीत नेलं, आणि मी आवरलं. त्यांच्या आजारपणात कोण फिरकलं नाही, हे मी कुणालाच बोलून दाखवलं नाही. ते काका अजून घरी येतात. मी चहा टाकते.