डी लायसन्स काढलं, त्याची गोष्ट

गुडघ्यातली एसीएल लिगामेंट तुटली तेव्हा मी 29 वर्षांचा फुटबॉलपटू होतो. ऑपरेशन झालं, नऊ महिने फिजिओ झाली, पण क्लबनं पुढचा करार केला नाही. पुण्या-मुंबईत स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळून पोट भरलेला मी बीड जिल्ह्यात गावी परतलो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेमागच्या रानात पोरं गोळा केली. इथं काळी माती. उन्हाळ्यात भेगा, पावसात बुटाला किलो-किलो चिखल.

खेळता येतं म्हणजे शिकवताही येतं, या घमेंडीत मी एआयएफएफच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, डी लायसन्सला नाव घातलं. हा कोचिंगचा परवाना. सहा दिवसांचा कोर्स, तोही आर्टिफिशियल टर्फवर. बारा वर्षांपर्यंतच्या पोराला चार नंबरचा, जरा लहान बॉल, पाच नंबरचा त्यानंतर, हे मला तिथं कळलं. आमच्याकडं सगळे पाच नंबरनंच खेळून मोठे झालेले.

शेवटी प्रॅक्टिकल. विषय पासिंग. मी मैदानावर चौकटी आखल्या, खुणेचे प्लास्टिकचे कोन लावले. एकाचा पहिला टच चुकला. मी आत शिरलो, बॉल घेतला, दाखवलं. दुसऱ्याचा चुकला, परत तेच. वेळ संपल्यावर इन्स्ट्रक्टर म्हणाले, "तुमचं पासिंग छान आहे हो. पोरांचं कधी बघायचं?"

नापास. घरी सांगायची इतकी लाज वाटली, की बायकोला चार दिवस 'रिझल्ट यायचाय' म्हणत राहिलो.

मग गावात प्रॅक्टिसला दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहायला लागलो. जीभ आवरणं त्याहून अवघड. चूक दिसली की शिट्टी मारायची, सगळ्यांना जागेवर थांबवायचं आणि विचारायचं, "मोकळा कोण आहे?" पहिल्या आठवड्यात उत्तरच यायचं नाही. पुढं पोरंच एकमेकांवर ओरडायला लागली. दुसऱ्या खेपेला पास झालो.

कोर्समध्ये वर्षभराचं नियोजन शिकवतात. ते आमच्याकडं दिवाळीपर्यंतच चालतं. पावसाळ्यात, सुब्रतो कप या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या दिवसांत, 22 पोरं होती. मग मुकादमांच्या गाड्या आल्या आणि उरली नऊ. बाकीची आईबापाबरोबर ऊसतोडीला. घेतलेली उचल फेडायची, तर पोराला गावात कुणाजवळ ठेवणार? दोघांना आजीकडं ठेवण्याचं जमलं, तेवढंच.

आमचा गोलकीपर अकरा वर्षांचा. जायच्या आदल्या संध्याकाळी म्हणाला, "सर, उद्या गाडी हाय." त्याच्याजवळ चार नंबरचा एक बॉल दिला.

मार्च संपता संपता तो परत आला. उसाच्या खोडक्यांनी बॉलची साल निघालेली, सायकलवाल्याकडून दोनदा पंक्चर काढलेलं.

"खेळलास का रे?"

"खेळलो की. कारखान्यावर जालन्याची पोरं बी होती." थोडं थांबून म्हणाला, "हारलो सर. त्यांच्यात कुनी गोलीत थांबायलाच तयार नव्हतं, म्हनून म्या त्यांच्याकडून थांबलो. तरी हारलो."