सेंट पॉलमध्ये गिल्बर्ट-टेलर यांच्या मागावर

लेकीकडे मिनियापोलिसला येणाऱ्या आईबाबांना सेंट पॉल दाखवायचं म्हणजे कॅपिटॉलचा घुमट, कॅथीड्रल आणि संध्याकाळी घरी. पहिल्या खेपेस आम्हीही तेच केलं. कॅपिटॉल, म्हणजे मिनेसोटाचं विधानभवन, ज्यांनी बांधलं ते वास्तुविशारद कॅस गिल्बर्ट तेव्हा कळले. त्यांच्या आधीच्या भागीदाराचं, जेम्स नॉक्स टेलर यांचं, नाव मात्र कानावर आलं नाही. म्हणून या ऑक्टोबरमध्ये फक्त त्या दोघांच्या मिळून झालेल्या कामासाठी एक अख्खा दिवस ठेवला.

दोघेही सेंट पॉलमध्येच वाढले आणि एमआयटी या अमेरिकेतल्या नामांकित संस्थेत एकाच वेळी शिकले. १८८५ मध्ये त्यांनी भागीदारीत कचेरी थाटली. शहर तेव्हा भराभर वाढत होतं. १८८० मध्ये जेमतेम ४१ हजार असलेली वस्ती १८९० मध्ये १ लाख ३३ हजारांवर गेली होती. नव्वदीच्या सुरुवातीला टेलर फिलाडेल्फियाला गेले आणि भागीदारी संपली. सहा-सात वर्षांचा संसार!

सुरुवात एन्डिकॉट बिल्डिंगपासून करा. मिनियापोलिसहून येणारी ग्रीन लाइन ही शहरी रेल्वे फोर्थ स्ट्रीटवरून या इमारतीच्या पुढ्यातूनच जाते. सेंट्रल स्टेशनला उतरून थोडं पुढे चालत जायचं. फोर्थ आणि रॉबर्ट या रस्त्यांच्या कोपऱ्यावर सोलन बीमन या दुसऱ्या वास्तुविशारदाची उंच पायोनियर बिल्डिंग आधीच उभी होती. एन्डिकॉट बंधूंची जागा तिला दोन बाजूंनी वळसा घालणारी, त्यामुळे एकाच सहा मजली इमारतीचं एक तोंड फोर्थ स्ट्रीटवर आणि दुसरं रॉबर्ट स्ट्रीटवर. मी आधी एकच बाजू पाहून परत फिरले होते. तसं करू नका, कोपऱ्याला वळसा घालाच. शेजारचा बारा मजल्यांचा उंचाडा (१९१० मध्ये त्यावर आणखी चार चढले) छाती काढून उभा, आणि त्याला बिलगलेली ही इटालियन हवेलीच्या धाटणीची, शांत, नेमक्या मापाची. या जोडीचं सर्वांत चांगलं काम माझ्या मते हेच. त्यांची स्वतःची कचेरीही इथेच होती. आता वर लोक राहतात, त्यामुळे सगळीकडे शिरता येत नाही. खाली अमेरिकन कलेचं संग्रहालय आहे, त्याच्या वेळा बघूनच निघा.

तिथून कॅथीड्रलपर्यंत अर्ध्या तासाची वाट, शेवट चांगलाच चढाचा. ह्यांच्या गुडघ्यांमुळे आम्ही बसने गेलो.

कॅथीड्रलजवळून जाणाऱ्या समिट अव्हेन्यूवर ३२२-३२४ क्रमांकाचं जोडघर शोधा. ते भागीदारीच्या काळातलं, लाइटनर आणि यंग या दोन कुटुंबांसाठी बांधलेलं. लगतचं ३१८ क्रमांकाचं दगडी घर त्याच लाइटनरांचं, पण १८९३ चं, म्हणजे गिल्बर्ट एकटे झाल्यावरचं. एकाच मालकाची दोन घरं, मध्ये एक भागीदारी संपलेली. फुटपाथवर दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघण्यासारखं आहे. घरं खासगी आहेत, हिरवळीवर पाऊल टाकू नका.

परतताना व्हर्जिनिया स्ट्रीटवरचं स्वीडनबोर्ग या ख्रिस्ती पंथाचं छोटं चर्च पाहा. खाली नदीतल्या गोट्यांच्या भिंती, वर लाकूड. आम्हाला दार बंद मिळालं, आतून बघायचं तर रविवार गाठा. डेटन अव्हेन्यूचं लालसर दगडाचं प्रेस्बिटेरियन चर्च तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. पाय थकले असतील तर हे सोडलं तरी चालेल, पण व्हर्जिनिया स्ट्रीट सोडू नका.

ऑक्टोबरात दुपारीसुद्धा वारा बोचतो, कानटोपी ठेवा.

टेलर पुढे १८९७ मध्ये अमेरिकेच्या सरकारी खजिन्याच्या खात्याचे मुख्य वास्तुविशारद झाले. १८९९ मध्ये त्याच खात्याने न्यू यॉर्कच्या कस्टम हाउससाठी, म्हणजे जकात कचेरीसाठी, आराखड्यांची स्पर्धा घेतली आणि काम गिल्बर्टना मिळालं. जुन्या भागीदाराने झुकतं माप दिलं म्हणून तिकडे बराच आरडाओरडा झाला, पण निर्णय टिकला. परतीचं विमान न्यू यॉर्कहून असेल, तर बोलिंग ग्रीनला ती इमारत उभी आहे. आत अमेरिकन इंडियन लोकांचं संग्रहालय आहे, आणि प्रवेश फुकट.