आमची वाटचाल: सातवा तुकडा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात शिरलात की डाव्या हाताला पहिला प्रिंटर अजून उभा आहे. 203 डीपीआयचा, म्हणजे मिलिमीटरला 8 ठिपके. घेतला होता लेबलं छापायला. त्यावर सीएनसीचे, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या मशिनचे प्रोग्राम क्यूआर कोड करून छापायचं डोक्यात घातलं ते रबाळ्याच्या काकांनी. त्यांच्या शॉपमध्ये पेन ड्राइव्हमधून दोनदा व्हायरस शिरला होता. म्हणाले, "जॉबकार्डावर ड्रॉइंग देतोच ना, मग प्रोग्रामही कागदावर द्या. पोरगा स्कॅन करेल."

काकांचा पहिला प्रोग्राम 38 केबीचा. सगळ्यात मोठा क्यूआर, 40 नंबरचा, 177 बाय 177 घरांचा. त्यात कमीत कमी चूक-दुरुस्ती (थोडा भाग खराब झाला तरी कोड वाचता यावा म्हणून घातलेली जादा माहिती) ठेवली तरी 2,953 बाइट्सच मावतात. झिप करून फाइल 9 केबीवर आणली. 25 नंबरचा कोड, चूक-दुरुस्तीची एम पातळी, 997 बाइट्स, असे दहा तुकडे झाले. क्यूआरच्या मानकात 16 कोड जोडायची सोय आहे, पण आमचा स्कॅनर ती ओळखेना. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला आम्ही आमचंच लिहायला लागलो: फाइल कुठली, तुकडा कितवा, एकूण किती, चेकसम (तुकडा बरोबर वाचला का ते तपासायचा आकडा) काय. स्कॅनर कीबोर्ड मोडवर ठेवला की बाइट्स बिघडायचे, कॉम पोर्टवर, म्हणजे बाइट्स जसेच्या तसे पाठवणाऱ्या सिरियल जोडणीवर आणल्यावर गाडी रुळावर आली. ही सगळी रात्रीची कामं मी आणि माझा तेव्हाचा भागीदार, दोघांनी मिळून केली. कोड त्याचा, छपाई माझी. हे मी आजही नाकारत नाही.

मग एका मोठ्या कंपनीची 600 शीटची ऑर्डर आली. मी एका घराला 4 ठिपके धरत होतो, म्हणजे कडेच्या पांढऱ्या पट्टीसकट कोड साडेबासष्ट मिलिमीटरचा. भागीदारानं कागद वाचवायला 2 ठिपके केले आणि स्वस्त पडते म्हणून वॅक्स रिबन, म्हणजे मेणाच्या शाईची पट्टी लावली. कूलंटचे (मशिन थंड ठेवणाऱ्या तेलकट पाण्याचे) हात लागल्यावर शाई पसरली. एका शीटवर सातव्या कोडच्या कोपऱ्यातला मोठा चौकोनच पुसला गेला. तो गेला की चूक-दुरुस्तीचा काही उपयोग नसतो, स्कॅनरला कोड सापडतच नाही. नऊ तुकडे हातात, पण झिप उघडेना. कंपनीनं सगळा माल परत केला, पैसे अडकवले. भागीदार त्या कंपनीच्या मालकाच्या केबिनमध्ये, माझ्यासमोर म्हणाला, "छपाई यांची." महिन्याभरात त्यानं दोन गल्ल्या सोडून स्वतःचा गाळा थाटला, आमचा कोड आणि आमचे पाच ग्राहक घेऊन. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या त्या तेव्हा.

काका मात्र गेले नाहीत. चेक टेबलावर ठेवून म्हणाले, "एक तुकडा हरवला तरी मशिन चाललं पाहिजे. एवढं करून आणा."

तीन आठवडे लागले. सगळे तुकडे सारख्या लांबीचे करायचे, त्यांचा एक्सॉर (हातचा न धरता केलेली बिटांची बेरीज) घ्यायचा आणि तो अकरावा कोड म्हणून छापायचा. मग दहांतला कुठलाही एक गेला तरी उरलेल्यांतून तो परत मिळतो. काकांनी शीट हातात घेतलं, सातवा कोड कात्रीनं कापून खिशात टाकला आणि म्हणाले, "आता चालवा." चाललं.

त्यानंतरची वर्षं बरी गेली.

नवीन पोरांना सांगतो: ऑइल लागणाऱ्या जागी रेझिन रिबन आणि पॉलिएस्टर लेबलच वापरा. चारी बाजूंना चार घरांची पांढरी पट्टी सोडा, तिथे लोगो घुसवू नका. प्रत्येक कोडखाली "11 पैकी 7" असं साध्या आकड्यांत छापा. पहाटेच्या शिफ्टला तेच उपयोगी पडतं.

परवा भागीदाराचं माहितीपत्रक हाती आलं. पहिल्याच पानावर "आमचा खास रिकव्हरी कोड". काकांनी कापलेलं ते शीट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, त्यावर त्या दिवशीची तारीख आणि काकांची सही आहे.