कापरेकरांचा ६१७४: तिसऱ्या आठवड्याची नोंद

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की ६१७४ चा व्हिडिओ झाल्यातच जमा आहे. तो रद्द केलाय. भाचीला दाखवला, तिने वहीत दोन-तीन संख्या करून पाहिल्या आणि म्हणाली, "मामा, येतं हे कळलं, पण का येतं?" माझ्याकडे नुसती जादू होती.

नव्यांसाठी: चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४. देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये हे मांडलं. मी त्यांचं जन्मवर्ष १९०५ घेतलं: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. पूर्ण सात! १९४९ लाही सातच लागतात, हे तर मी शोधायलाही गेलो नव्हतो.

आता 'का'. मोठ्याकडून लहानाकडे अंक क, ख, ग, घ धरले तर वजाबाकी ९९९(क−घ) + ९०(ख−ग). म्हणजे फक्त दोन फरक कामाचे. पहिला १ ते ९, दुसरा पहिल्याहून मोठा होऊच शकत नाही, त्यामुळे जोड्या फक्त ५४. पुढची शून्यं धरून ९,९९० संख्या होतात, त्या पहिल्याच वजाबाकीत ५४ घरांत जाऊन बसतात. आणि आधीच्या व्हिडिओत मी वेड्यासारखे ९,९९० ठिपके पळवत होतो, लॅपटॉप तापेपर्यंत! आता पायऱ्यापायऱ्यांच्या ५४ चौकटी आणि बाण. सगळे बाण शेवटी (६, २) मध्ये, म्हणजे ६१७४ च्या घरात, उतरतात. एकेक घर तपासलं की सिद्धता झाली. भाचीचं समाधान होईल का, ते वेगळं.

मॅनिममध्ये (गणिताचे अ‍ॅनिमेशन करायची पायथन लायब्ररी) देवनागरीने मात्र छळलं. लाटेकऐवजी (गणिती मजकूर जुळवायची पद्धत) साधा टेक्स्ट वापरला की जोडाक्षरं नीट येतात, पण अक्षरं मोजून रंग द्यायला गेलात की फसलात. 'स्थिरांक' एकेक अक्षर लिहून दाखवताना आधी वेलांटी एकटीच पडद्यावर यायची. शेवटी अख्खा शब्दच उमटवला.

आवाज राहिलाय. रात्री शेजारचा पंप बंद झाला की बसतो.