माझा अनुभव: घरच्या घरी सीझनल कलर अ‍ॅनालिसिस

सीझनल कलर अ‍ॅनालिसिससाठी म्हणजे चेहऱ्याखाली रंगीत कापड धरून कोणते रंग शोभतात ते बघायचं आणि त्यावरून ऋतूंच्या नावाच्या गटांपैकी आपला गट ठरवायचा यासाठी, परदेशातून ड्रेप्सचा (चाचणीच्या कापडांचा) संच मागवायची गरज नसते. दादरला, पुण्यात लक्ष्मी रोडला, एवढंच काय तालुक्याच्या गावीही जे मॅचिंग सेंटर असतं, तिथे टू बाय टूच्या (ब्लाउजच्या साध्या कापडाच्या) ताग्यांमध्ये एकट्या लाल रंगाच्याच कितीतरी छटा शेजारी शेजारी लावलेल्या असतात. या कापडात जरीचा धागा नसतो, चमक नसते, आणि पाऊण मीटर घेतलं की दोन्ही खांदे झाकून छातीपर्यंत येतं. मी स्वतःची, घरच्यांची आणि मैत्रिणींची चाचणी याच कापडावर करते. कापड आधी धुवून खळ काढून टाकायची. खळीच्या चकाकीने प्रत्येक रंग असतो त्यापेक्षा भडक भासतो. लाल, मरून आणि राणी रंगाचे तुकडे वेगळे धुवावेत, ते पहिल्या पाण्यात रंग सोडतात.

तुकडे निवडताना जोड्या करायच्या आणि जोडीतले दोन रंग एकाच बाबतीत वेगळे ठेवायचे. ही सगळी पद्धत तीन प्रश्नांवर उभी आहे: रंग पिवळसर उबेकडे झुकतो की निळसर थंडीकडे, तो फिका आहे की गडद, आणि तो स्वच्छ झळझळीत आहे की राखाडी मिसळल्यासारखा मवाळ. उबेच्या प्रश्नासाठी शेंदरी आणि डाळिंबी, मोतिया आणि शुभ्र पांढरा, मेंदी हिरवा आणि त्याच गडदपणाचा निळसर हिरवा. झळाळीसाठी राणी आणि कांदा-गुलाबी, लख्ख मोरपिशी आणि मळकट मोरपिशी. गडदपणासाठी आकाशी आणि नेव्ही ब्लू, पिस्ता आणि बाटली हिरवा. अशा सात-आठ जोड्या पुरतात. शेंदरी फिका आणि डाळिंबी गडद असेल, तर फरक उबेचा दिसला की गडदपणाचा, हे कळायला मार्गच उरत नाही. म्हणून उबेच्या आणि झळाळीच्या जोडीतले दोन्ही तुकडे शेजारी ठेवून फोनवर कृष्णधवल फोटो काढावा. दोन्ही साधारण एकाच करड्या छटेचे दिसले तर जोडी जमली.

चेहरा कोरा हवा. मेकअप नाही, टिकली नाही, नथ किंवा चमकी काढलेली, चष्मा बाजूला, मंगळसूत्र आत. केस पांढऱ्या किंवा करड्या कापडात पूर्ण गुंडाळायचे, विशेषतः मेंदी किंवा डाय लावलेले असतील तर, कारण मेंदीची नारिंगी झाक उबदार रंगांच्या बाजूने कौल देते. यासाठी मांजरपाट घेऊ नये, तो पिवळसर असतो. हळदीचं उटणं लावलं असेल, फेशियल किंवा ब्लीच केलं असेल किंवा भर उन्हात फिरणं झालं असेल, तर चेहरा मूळ रंगावर येईपर्यंत थांबावं.

उजेडाबाबत मी अजिबात तडजोड करत नाही. सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीसमोर, तोंड खिडकीकडे करून बसायचं. खिडकी बाजूला असली तर अर्धा चेहरा सावलीत जातो. नव्या टॉवरमधल्या काचा बऱ्याचदा हिरवट किंवा तपकिरी असतात, त्या सरकवून उघड्या ठेवायच्या. भिंत पिस्ता किंवा अबोली रंगाची असेल तर तिची झाक गालावर पडते, म्हणून जवळच्या भिंतीवर पांढरी चादर लावायची. तुकडे बदलणाऱ्या बाईनेही लाल कुर्ता घालून समोर उभं राहू नये. पावसाळ्यातल्या काळोख्या दुपारी हे काम होत नाही, मंद उजेडात सगळेच रंग सारखे वाटू लागतात. रात्री करणं भागच असेल तर ५००० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेड पिवळट की निळसर हे सांगणारा आकडा) आसपासचा आणि ९० च्या वर सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा) असलेला दिवा लागतो. घरातला २७०० ते ३००० केल्विनचा पिवळा बल्ब प्रत्येकीला उबदार ठरवतो, ६५०० केल्विनची ट्यूब प्रत्येकीला थंड. फोनच्या कॅमेऱ्यावर विसंबू नये, तो दर फोटोला पांढरा रंग आपल्या मनाने ठरवतो आणि ब्युटी फिल्टर चालू असला तर जे बघायचं तेच पुसून टाकतो. आरसा आणि दुसरं माणूस, दोन्ही हवेत.

मनगटावरच्या शिरा हिरव्या दिसल्या तर त्वचा उबदार, निळ्या दिसल्या तर थंड, ही चाचणी सगळीकडे सांगतात. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर ती जवळजवळ निरुपयोगी आहे. मेलॅनिनच्या थराखालून शीर जशी दिसते त्यावरून वरच्या त्वचेची झाक नीट ओळखता येत नाही. सोनं शोभलं तर उबदार, चांदी शोभली तर थंड, ही चाचणी थोडी बरी, पण २२ कॅरेटच्या पिवळ्याधमक सोन्याची तुलना काळवंडलेल्या चांदीच्या पैंजणाशी केली तर सोनंच जिंकणार. दोन्ही लखलखीत आणि साधारण एकाच आकाराचं असावं.

आता प्रत्यक्ष ड्रेपिंग. कापड हनुवटीच्या अगदी खाली, गळ्याला लागून धरायचं. इथे दोन गोष्टी घडतात. खिडकीतला उजेड कापडावर पडून त्या रंगाची झाक घेऊन जबड्याखाली परततो, आणि शेजारच्या रंगामुळे आपल्या डोळ्याला त्वचेचा रंगच वेगळा भासतो. ही दुसरी गोष्ट फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ मध्ये सविस्तर मांडली. पॅरिसच्या गोबेलँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात ते रंगाई खात्याचे प्रमुख होते. काळा धागा फिका पडतो अशा तक्रारी आल्या, आणि तपासल्यावर दोष रंगात नाही, शेजारच्या धाग्यांत आहे, असं त्यांच्या लक्षात आलं. चेहऱ्याचंही तसंच होतं. हिरवा रंग शेजारच्या त्वचेत लाली आणतो, ती लाली कुणाला खुलवते तर कुणाचे मुरुमांचे डाग उठवते.

बघायचं चेहऱ्याकडे, कापडाकडे नाही. सुरुवातीला हे फार अवघड जातं, कारण आवडता रंग समोर आला की डोळा त्याच्याकडेच धावतो. ठरावीक जागा ठरावीक क्रमाने तपासाव्यात: डोळ्यांखालची काळी वर्तुळं, ओठांभोवतीचा काळसरपणा, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी रेघ, जबड्याची कड, डोळ्यांतला पांढरा भाग, आणि शेवटी ओठांचा स्वतःचा रंग. चुकीच्या थंड गुलाबीखाली ओठांभोवतीचं वर्तुळ राखाडी होऊन सुटं दिसू लागतं. चुकीच्या नारिंगीखाली अख्खा चेहरा काविळीसारखा पिवळा पडतो. रंग जुळला की कपाळ, गाल आणि हनुवटी एकाच त्वचेची वाटतात, जबड्याची कड रेखीव होते. दोन जोड्यांमध्ये करडं कापड टाकून थोडा वेळ थांबायचं, नाहीतर आधीच्या रंगाचा ठसा डोळ्यात राहतो.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे चाचणी करताना बाजूची बाई चटकन म्हणते, "हा घे, यात उजळ दिसतेस." उजळ दिसणं हा निकष ठेवला की सगळी चाचणी फसते. नेव्ही किंवा काळ्या कापडाशेजारी जवळजवळ प्रत्येक चेहरा फिका दिसतो, तो विरोधाचा परिणाम आहे. त्याच वेळी डोळ्यांखालची वर्तुळं गडद झालेली असतात आणि ओठांचा रंग उडालेला असतो, पण तिकडे लक्ष जात नाही. सावळ्या मुलीला याच हिशेबाने वर्षानुवर्षं फिके पिस्ता, फिके गुलाबी घेऊन दिले जातात, आणि त्या दुधट रंगांत तिची त्वचा धुळकट दिसते. तिच्याच खांद्यावर गडद मोहरी, विटकरी किंवा लख्ख राणी टाका, वर्ण रतीभरही न बदलता चेहरा जिवंत होतो. निकष एकच ठेवावा: त्वचा एकसारखी आणि नितळ दिसते का. गोरेपणाशी या पद्धतीचा काही संबंध नाही.

मी आधी झळाळीच्या जोड्या घेते, मग गडदपणाच्या, आणि उबेचा प्रश्न शेवटी. काळे केस, काळे डोळे, गव्हाळ त्वचा हे आपल्याकडे इतकं सर्रास आहे की १९८० च्या दशकात अमेरिकेत ही पद्धत लोकप्रिय झाली, तेव्हाच्या हिशेबाने आपल्यापैकी बहुतेक जणी सरसकट 'विंटर' ठरल्या असत्या. तेव्हा स्प्रिंग, समर, ऑटम आणि विंटर असे चारच गट होते. नंतर चाराचे बारा झाले आणि आपल्या त्वचेला त्यात जागा मिळाली. स्प्रिंग आणि ऑटम उबदार, समर आणि विंटर थंड. त्यांच्या पोटगटांत लाइट म्हणजे फिका, डार्क म्हणजे गडद, ब्राइट म्हणजे झळझळीत, सॉफ्ट म्हणजे मवाळ, आणि ट्रू म्हणजे ऊब किंवा थंडी सगळ्यात ठळक असलेला. स्प्रिंगमध्ये लाइट, ट्रू, ब्राइट. समरमध्ये लाइट, ट्रू, सॉफ्ट. ऑटममध्ये सॉफ्ट, ट्रू, डार्क. विंटरमध्ये ब्राइट, ट्रू, डार्क. राणी, रॉयल ब्लू आणि शुभ्र पांढरा हे तिन्ही पेलणारी बहुधा ब्राइट विंटर. वांगी, बाटली हिरवा, डाळिंबी यांत खुलणारी डार्क विंटर. चॉकलेटी, मोहरी, मेंदी, विटकरी म्हणजे डार्क ऑटम. बदामी, शेवाळी, मळकट अबोली म्हणजे सॉफ्ट ऑटम. राणीखाली चेहरा हरवतो आणि कांदा-गुलाबी, राखाडी निळा शांत बसतो, ती सॉफ्ट समर, आणि या सॉफ्ट समरमध्ये सावळ्या मुलीही असतात. त्वचेला हिरवट झाक असेल तर भडक नारिंगी आणि बर्फासारखा थंड गुलाबी दोन्ही वाईट दिसतात. तिथे उबेचा निकाल लावायचा हट्ट सोडावा आणि झळाळी-गडदपणावरच रंग निवडावेत. हे गट म्हणजे रक्तगट नव्हेत. केस पांढरे होऊ लागले की चेहऱ्यातला विरोध कमी होतो, चाचणी पुन्हा करावी.

मेकअपकडे येऊ. फाउंडेशन हातावर लावून घेऊ नये. शेजारच्या तीन छटांचे पट्टे जबड्यावरून मानेपर्यंत ओढायचे, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि दुकानाबाहेर येऊन बघायचं. बऱ्याच छटा हवा आणि त्वचेचं तेल लागून गडद होतात. आपल्याकडे कपाळ आणि ओठांभोवतीचा भाग बऱ्याचदा गालांपेक्षा गडद असतो, म्हणून मान आणि छातीशी जुळणारी छटा घ्यावी. लावल्यावर राखाडी दिसतं ते बहुतेकदा छटा फार फिकी असल्यामुळे. त्यातला टायटॅनियम डायऑक्साइड पांढरा असतो आणि सावळ्या त्वचेवर राखेसारखा बसतो. डोळ्यांखाली आधी काळी वर्तुळं झाकणाऱ्या पीच किंवा नारिंगी करेक्टरचा अगदी पातळ थर लावावा. लिपस्टिक ओठांवरच तपासावी, कारण ओठ मुळात तपकिरी-जांभळट असतील तर पातळ लिपस्टिकमधून तो रंग वर येतो. थंड गटांना डाळिंबी आणि जांभूळ झाकेच्या छटा, उबदार गटांना विटकरी आणि टेराकोटा. न्यूड (ओठांच्या रंगाजवळची) हवी असेल तर स्वतःच्या ओठांपेक्षा एक छटा गडद घ्यावी. फिकी घेतली की चेहरा आजारी वाटतो.

कपाटातलं काही टाकून द्यायची गरज नाही. रंगाचा प्रभाव चेहऱ्याजवळ असतो, सलवार किंवा निऱ्यांचा रंग कुठलाही चालतो. साडीत ब्लाउज आणि खांद्यावरचा पदर निर्णायक. न शोभणारी साडी असेल तर काठातला शोभणारा रंग शोधून त्याचा ब्लाउज शिवावा. संक्रांतीची काळी चंद्रकळा सॉफ्ट गटातल्या मुलीला गिळून टाकते. तिने गळा मोठा ठेवावा आणि लिपस्टिक थोडी गडद लावावी. नवरात्रीत रंग ठरलेला असला तरी छटा आपल्या हातात असते: पिवळ्यात लिंबू की मोहरी, करड्यात निळसर की तपकिरी झाकेचा. धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, त्यामुळे घडी उलगडून पदर खांद्यावर टाकल्याशिवाय तिचा निकाल लागत नाही.

खरेदीला जाताना चाचणीतल्या जिंकलेल्या तुकड्यांचे दोन-दोन इंचांचे चौकोन कापून पुठ्ठ्यावर स्टेपल करून न्यावेत. कापडावर पुठ्ठा ठेवून दुकानाच्या दारात, उजेडात यावं. आत ट्यूबखाली जुळलेले दोन रंग बाहेर वेगळे दिसू शकतात, कारण त्यांत वापरलेले डाय वेगळे असतात. मॅचिंग सेंटरवाले हे पुरते ओळखून असतात, तागा घेऊन बाहेर यायला ते कधी नाही म्हणत नाहीत.