हक फिनने फाडलेलं पत्र

मार्क ट्वेनच्या ‘ॲडव्हेंचर्स ऑफ हकलबेरी फिन’वरच्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना हमखास एक वाक्य येतं: गुलामगिरी वाईट आहे हे हकला कळतं आणि तो बदलतो. कादंबरीत असं कुठेच घडत नाही. पळालेल्या गुलामाला मदत करणं म्हणजे चोरी, ही लहानपणापासून मनावर बिंबलेली गोष्ट हक शेवटपर्यंत खरीच मानतो. ट्वेनने पुढे १८९५ मध्ये टिपून ठेवलं, की इथे निकोप हृदय आणि विकृत सदसद्विवेकबुद्धी यांची टक्कर होते आणि सदसद्विवेकबुद्धी हरते. म्हणून हकचं म्हणणं आणि त्याची कृती वेगवेगळी वाचायला हवी.

त्यासाठी १५, १६ आणि ३१ ही तीन प्रकरणं पाठोपाठ वाचा. तराफ्यावरून निघालेला हक आणि त्याच्यासोबतचा पळालेला गुलाम जिम यांची पंधराव्यात दाट धुक्यात चुकामूक होते. परत आल्यावर हक जिमला पटवतो, की हे सगळं तुला स्वप्न पडलं. जिमचा जीव किती तुटला होता हे ऐकल्यावर तो ओशाळतो, पण माफी मागायला जायला मनाची तयारी होईपर्यंत पंधरा मिनिटं जातात. ही पंधरा मिनिटं उत्तरात लिहायला विसरू नका. नुसतं ‘हकने माफी मागितली’ म्हटलं की संघर्षच गळून पडतो.

सोळाव्यात तो जिमला पकडून द्यायचं ठरवून होडीत बसतो. मागून जिम ओरडून सांगतो, की तूच माझा एकुलता एक मित्र. तेवढ्यात बंदूकधारी दोघं विचारतात, तराफ्यावरचा माणूस गोरा की काळा? हकच्या तोंडून शब्द फुटत नाही आणि मग निघतो तो ‘गोरा’. वर देवीच्या साथीची थाप मारून तो त्यांना जवळही फिरकू देत नाही.

एकतिसाव्यात जिमला चाळीस डॉलरना विकलेलं असतं. हक जिमच्या मालकिणीला, मिस वॉटसनला, त्याचा ठावठिकाणा कळवणारं दोन ओळींचं पत्र लिहितो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पाप धुऊन निघाल्यासारखं त्याला वाटतं. पण प्रार्थना करण्याआधी तो कागद खाली ठेवतो आणि विचार करत बसतो. इथे हळू वाचा. गुलामगिरीविरुद्ध एकही युक्तिवाद येत नाही. आठवतं ते एवढंच: हकला झोपू द्यावं म्हणून स्वतःचा पहारा संपल्यावरही जागणारा जिम, धुक्यातून तो परतल्यावर हरखलेला जिम. मग तो थरथरत कागद उचलतो, श्वास रोखतो, ‘ठीक आहे, जातो मग नरकात’ म्हणतो आणि पत्र फाडतो. नरक त्याच्या लेखी खराखुरा आहे, म्हणून या वाक्याला वजन आहे.

लगेच पुढच्याच प्रकरणात हकने रचून सांगितलेल्या बोटीवरच्या स्फोटात कुणाला लागलं का, असं विचारल्यावर तो बिनदिक्कत सांगतो: नाही, एक निग्रो मेला. हे वाचून पत्राचा प्रसंग खोटा ठरवणं घाईचं होईल. त्याची भाषा अजून गावाचीच आहे.

जिमला जिथे कोंडून ठेवलेलं असतं, त्या फेल्प्सच्या शेतावरची शेवटची प्रकरणं मात्र सैल आहेत. निर्णय हकचा मित्र टॉम सॉयर याच्या खेळात अडकतात आणि हक मागे पडतो. तरी ३३ वं प्रकरण सोडू नका. चांगल्या घरातला टॉम जिमला पळवायला मदत करतो म्हणतो, आणि त्याच क्षणी तो हकच्या नजरेतून उतरतो.